पिवळ्या पाली

माणसांवर विश्वास टाकायला मला वेळ लागतो. टाकते, पण आधी चारही बाजूंनी निरखून घेते. भाजीवाल्यानं स्वतः निवडून वांगी दिली, की मी घरी येण्याआधीच पिशवी उघडून बघते. कुणी विनाकारण गोड बोललं, की ह्याचं माझ्याकडे काय काम निघालं असेल, हा विचार पहिला येतो. मनात शंकेची पाल चुकचुकते असं लोक म्हणतात. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, हिच्या मनात एक नाही, अख्खं खानदान नांदतं. त्यांचं हसणं मी मनावर घेतलं नाही, कारण सत्तरच्या दशकातली काही वर्षं मी खरोखरच पालींच्या संगतीत काढली आणि तिथे माझ्या ह्या खोडीनंच मला तारलं.

नागपुरातल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या विभागात मी पीएच.डी.साठी काम करत होते. विषय असा, की पालीची तुटलेली शेपटी परत उगवते कशी आणि त्यात मेंदूचा हात किती. पालीची शेपटी तुटून जमिनीवर वळवळते हे कुणालाही माहीत असतं. मग काही आठवड्यांत नवी येते, जरा बुटकी, जरा फिकी. आमच्या सरांचं म्हणणं असं, की शेपटी मागे उगवत असली तरी तिचा हुकूम डोक्यातून सुटतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची खसखशीच्या दाण्याएवढी ग्रंथी असते. ती रक्तात संप्रेरकं सोडते, आणि ती मिळाली नाहीत तर शेपटी येतच नाही. शास्त्रज्ञ म्हणून सरांची सगळी कीर्ती ह्या एका वाक्यावर उभी होती.

ते सिद्ध करायचं म्हणजे ग्रंथी काढायची. पालीला ईथरनं गुंगवायचं, तोंड उघडून धरायचं, टाळूत बारीक ड्रिलनं भोक पाडायचं आणि काचेच्या निमुळत्या नळीनं ती खसखस ओढून घ्यायची. काही पालींना नुसतं भोक पाडून ग्रंथी तशीच ठेवायची, म्हणजे फरक ग्रंथीचा की भोकाचा हे कळतं. मग दोन्ही गटांच्या शेपट्या कापायच्या आणि वाट बघायची. माझा हात चांगला होता. पाली मी लकडगंजातल्या आरा मशीनच्या आवारातून आणायचे. सागवानाच्या चिरलेल्या फळ्या एकीवर एक रचलेल्या असत आणि मधल्या फटींतून पालीच पाली. तिथले हमाल मला बघितलं की ओरडायचे, "आली वं पालवाली!"

काम चांगलं चाललं होतं, पण मला एक गोष्ट खटकत होती. ग्रंथी काढलेल्या पालींचा खुंट चिघळायचा. आधी ओलसर, मग करडा, मग पू. ग्रंथी असलेल्या पालींना त्याच काचेच्या पेटीत, त्याच मातीवर काही व्हायचं नाही. शिवाय ग्रंथी गेली की पाल वेळेवर कात टाकत नाही. जुनी कातडी अंगाला चिकटून राहते आणि तिच्याखाली जिवाणूंचं चांगलंच फावतं. मग शेपटी येत नाही ती संप्रेरक नाही म्हणून, की जिवाणू तिला येऊच देत नाहीत म्हणून? एरवी ते अंगावर असतातच, गुण्यागोविंदानं राहतात. वरचा पहारा उठला की तेच उलटतात. मी सरांना म्हटलं, "आधी पू थांबवून बघू या का?"

सर म्हणाले, "जिवाणू हा दुसऱ्या विभागाचा प्रश्न आहे. तुझा प्रश्न शेपटीचा."

सर तसे वाईट नव्हते. शिकवायचे सुरेख. गावात त्यांचं नाव होतं ते अंधश्रद्धेवरच्या भाषणांसाठी. व्यासपीठावर ते खिशातून डबी काढायचे, जिवंत पाल तळहातावर ठेवायचे, ती खांद्यावर चढू द्यायचे, आणि म्हणायचे, "बघा, मला ना राजयोग आला ना मृत्युयोग." लोक टाळ्या वाजवायचे. मीसुद्धा शाळेत असताना अशाच एका भाषणाला टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्यांच्याच हाताखाली शिकायचं तेव्हाच ठरवलं होतं.

आमचं घर छप्पन साली धम्मदीक्षा घेतलेलं. बाबा मिलमध्ये होते. आमच्या वस्तीतून एवढं शिकायला पोचलेली मी पहिली मुलगी, आणि ह्याची मला रोज कुणी ना कुणी आठवण करून द्यायचं, कधी कौतुकानं, कधी नुसतं बघून. बाबांना सरांचं कौतुक सांगितलं की ते चुन्याच्या डबीवर टिचकी मारत म्हणायचे, "थे सर चांगले असन. पन कागदावर सई झाल्याबिगर कोनाले चांगलं म्हनू नको." त्या वर्षी डिसेंबरात माझ्या कामाचा अहवाल जायचा होता. त्यावर सरांची सही नसती तर नोंदणी संपली असती आणि मी घरी बसले असते.

दिवाळीत कॉलेज बंद राहायचं. पालींना झुरळं द्यायला, माती ओली ठेवायला कुणीतरी हवं. मी म्हटलं, पेट्या मी घरी नेते. सर म्हणाले, "तुमच्या वस्तीत... नको. गर्दीची जागा. माझ्या घरी राहू देत." गर्दीची जागा! ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. रिक्षातून पेट्या धरमपेठेत सरांच्या घरी पोचवल्या आणि परत आले.

सुट्टीनंतर पेट्या विभागात आल्या आणि मी झाकणं उघडली. पहिल्यांदा वाटलं, उजेडाचा काही खेळ आहे. ग्रंथी काढलेल्या पाली पिवळ्या दिसत होत्या. गळ्याच्या घडीत, काखेत, बोटांच्या मधल्या खाचांत पिवळा रंग बसलेला. दुसऱ्या गटातल्या मात्र नेहमीसारख्या स्वच्छ. आणि ज्यांचे खुंट चिघळायला हवे होते त्यांचे खुंट कोरडे. इतकंच नाही, त्यातल्या काहींच्या टोकाला मोहरीएवढा काळसर कोंब आला होता. शेपटी येत होती. पिट्युटरी नसलेल्या पालीला शेपटी.

मी आनंदानं नाचायला हवं होतं. पण माझ्या मनात पहिला प्रश्न आला, ह्यांना हात कुणी लावला?

सरांच्याही मनात तोच प्रश्न आला असं मला वाटलं. शनिवारी विभागाची बैठक व्हायची, सगळे प्राध्यापक, सगळे विद्यार्थी. तिथे सरांनी माझ्या पेट्या टेबलावर मांडायला लावल्या आणि थंडपणे म्हणाले, "दोनच शक्यता आहेत. एक तर ग्रंथी नीट काढलेल्या नाहीत, म्हणजे काम निष्काळजीपणाचं. नाही तर पाली बदललेल्या आहेत, म्हणजे काम..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग माझ्या हातांकडे बघितलं. आम्ही ऊती टिकवायला पिक्रिक आम्लाचं द्रावण वापरायचो, त्यानं बोटं कायमची पिवळी पडतात. "पाली पिवळ्या, आणि पिवळे हात इथे कुणाचे आहेत ते सगळे बघतातच."

सगळ्यांनी बघितलं. माझे हात टेबलावर होते. मला ते खाली घ्यावेसे वाटले, आणि घेतले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं. राग असा आला की कानशिलं तापली. लबाड हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण तो मला चिकटला होता, आणि मला पक्कं ठाऊक होतं की तो माझ्या एकटीपुरता राहणार नाही. माझ्यामागून आमच्या वस्तीतून जी कुणी येईल तिच्याही वहीकडे दोनदा बघितलं जाईल.

मी म्हटलं, "सर, डोकी उघडून बघा. आत्ता. सगळ्यांसमोर."

डोकी उघडायची म्हणजे पाली मारायच्या. कोंब आलेल्या त्याच पाली, माझा सगळ्यात मोलाचा पुरावा. पण दुसरा मार्ग नव्हता. मी ईथरची बाटली आणली, कात्री आणली, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेकीची कवटी उकलून दाखवली. टाळूचं भोक माझंच होतं, मी ते जरा डावीकडे झुकवून पाडते. आणि ग्रंथीची खाच रिकामी. प्रत्येकीची रिकामी. एका प्राध्यापकबाईंनी डोळा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "स्वच्छ काढली आहे हो."

म्हणजे पाली माझ्याच, काम नीट, तरी शेपटी उगवलेली. सर म्हणाले, "ठीक. पण कुणीतरी काहीतरी लावलेलं आहे. कोण, हे कळेपर्यंत मी ह्या अहवालावर सही करू शकत नाही." आणि बैठक उठली.

आता हा कुणीतरी मीच शोधायचा होता. माझी पहिली शंका आमच्याच प्रयोगशाळेतल्या एका विद्यार्थ्यावर गेली. तो बेडकांवर काम करायचा. माझ्या कपाटाची दुसरी किल्ली त्याच्याकडे असे, आणि मी आत आले की तो शीळ घालायचा. निष्पाप माणूस शीळ कशाला घालेल? मी दोन दिवस त्याच्यावर नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी तो माझ्या कपाटात हात घालताना सापडलाच. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मी काही विचारण्याआधीच तो म्हणाला, "माफ कर ना यार, झुरळं नेऊन राहिलो. माझे बेडूक उपाशी आहेत." तो दिवाळीच्याही आधीपासून माझी झुरळं चोरत होता. मला हसू आलं, पण मी ते त्याला दिसू दिलं नाही, आणि किल्ली काढून घेतली.

उरलेल्या एका पालीच्या गळ्याची घडी मी स्पिरिटच्या कापसानं पुसली. कापसावर पिवळा डाग उमटला. पिक्रिक आम्लाचा रंग मी रोज बघायचे. हा तसा नव्हता, जरा मऊ, जरा केशराकडे झुकणारा. कापूस डबीत घातला आणि घरी नेला. बाबा ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. मी त्यांच्या डबीतला चुना बोटानं घेतला आणि कापसावर टेकवला.

"काय करून राहिली वं?" बाबांनी विचारलं.

"थांबा ना, बाबा."

कापूस बघता बघता लाल झाला. पिक्रिक आम्ल चुन्यानं लाल होत नाही. हळद होते, हे स्वयंपाकघरात वाढलेल्या कुणालाही कळतं.

"पालीले हळद लावली कोनी, बाबा."

"पालीले हळद?" बाबांनी तंबाखू ओठात धरली. "लगन हाय का तिचं?"

मला हसायला आलं नाही. हळद विभागात नव्हती. माझ्या घरी पेट्या आल्याच नव्हत्या, आणि त्या का आल्या नव्हत्या हे मला चांगलं आठवत होतं. मग पेट्या जिथे होत्या ते एकच घर उरत होतं. मी तो विचार दोनदा झटकला. ते घर पालीला हातावर खेळवणाऱ्या माणसाचं होतं, तिथे पालीला हळद कोण लावणार? पण विचार परत येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अहवाल घेऊन मी धरमपेठेत गेले. सर स्नान करत होते. त्यांच्या आईंनी मला बैठकीच्या खोलीत बसवलं आणि चहा आणला. माझा कप बाकीच्यांच्याच कपांसारखा होता. मी अशा गोष्टी बघते. म्हाताऱ्या बाई माझ्यासमोर वेताच्या मोढ्यावर बसल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "काय गं बाळ, त्या लक्ष्म्या बऱ्या आहेत ना?"

"कोण लक्ष्म्या, आजी?"

"अगं, ह्यानं दिवाळीत घरी ठेवून घेतल्या होत्या ना, त्या. लक्ष्मीपूजनाला एक पाल दिसावी म्हणून लोक भिंती धुंडाळतात, आणि माझ्याकडे पेट्या भरून आल्या. मी म्हटलं, देवीनं स्वतःच पाऊल टाकलं."

मी कप खाली ठेवला. "मग पूजा केली?"

"केली तर! झेंडूच्या फुलानं हळदीचं पाणी शिंपडलं, सगळ्यांवर. कुंकू नाही घातलं. मुकी जनावरं, डोळ्यांत जाईल. आणि काहींच्या शेपट्या तुटलेल्या होत्या गं, चिघळलेल्या. बघवेना. त्या जखमांवर हळद भरली. मला हात लावायची भीती, म्हणून ह्यानंच एकेक धरली."

मला सगळं लख्ख कळलं. हळद सगळ्यांवरच पडली होती. ज्यांच्या डोक्यात ग्रंथी होती त्यांनी वेळेवर कात टाकली आणि पिवळा रंग कातीबरोबर गेला. ज्यांची ग्रंथी मी काढली होती त्यांच्या अंगावर तो बसून राहिला. जखमेतल्या हळदीनं जिवाणू रोखले, आणि मेंदूचा हुकूम नसतानाही खुंटानं आपल्या ताकदीवर मोहरीएवढी शेपटी काढून दाखवली. माझी शंका बरोबर होती. तुटलेलं भरून यायला संप्रेरक लागतं, पण त्याचं निम्मं काम शत्रूला दाराबाहेर ठेवण्याचं आहे, निदान तेव्हा तरी मला तसंच वाटलं.

आणि हे सगळं त्या माणसाला बैठकीच्या आधीपासून ठाऊक होतं.

सर दारात उभे होते. केस ओले होते. त्यांनी आईचं शेवटचं वाक्य ऐकलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आई स्वयंपाकघरात गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "तिला नाही म्हणवत नाही मला. आणि त्या तशाही कुजणारच होत्या." मग म्हणाले, "अहवाल आणलायस ना? दे, सही करतो."

मला त्या सहीसाठी काय काय सोसावं लागलं होतं! समोर पेन उघडलेलं होतं. हात पुढे केला असता तर सगळं तिथेच मिटलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यांचीही आणि माझीही. पण माझी मूठ झाकलेली नव्हती. माझे पिवळे हात सगळ्या विभागानं बघितले होते.

मी म्हटलं, "सर, विचारलं होतं सगळ्यांसमोर. सांगाही सगळ्यांसमोर." आणि अहवाल तसाच उचलून निघाले. रस्त्यावर आले. आपण वेडेपणा केला, आता हा माणूस कधीच सही करणार नाही, बाबांना काय सांगू, असं सगळं एकदम मनात आलं. सीताबर्डीपर्यंत मी रडत चालले.

शनिवारी बैठक झाली. सर उभे राहिले. पेट्यांचं कोडं सुटलं आहे असं म्हणाले, माझ्या कामात दोष नव्हता असंही म्हणाले. "माझ्या घरी एका वृद्ध व्यक्तीनं अज्ञानापोटी पालींना हळद लावली. अशा घरगुती अंधश्रद्धेचा विज्ञानाला किती त्रास होतो, ह्याचं हे उदाहरण."

लोक हसले. बेडूकवाला सगळ्यात मोठ्यानं हसला. मी अजून हातात अहवाल धरून होते, आणि मला बसून राहायला हरकत नव्हती. माझ्यावरचा डाग पुसला होता. पण ज्या म्हातारीनं चिघळलेली जखम बघवत नाही म्हणून हळद भरली, ती आता माझ्या जागी उभी होती, आणि ती इथे नव्हती. जी इथे होती तिला तरी बोलता येत होतं.

मी उठले. "सर, आजींना पालीची भीती वाटते. पाली धरल्या कुणी?"

खोलीतलं हसू थांबलं. सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे बाहेर जातील, किंवा मला बाहेर जायला सांगतील. त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

"मी," ते म्हणाले.

मग त्यांनी हात पुढे केला आणि अहवाल मागितला. मी तो टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला, पण सही पुरी होईपर्यंत कागदाचं दुसरं टोक माझ्या बोटांत घट्ट धरून ठेवलं.